घट्ट्यांच्या हातांची भिंत

जुन्या जालन्यात अजमतभाईंचं मायक आणि अँप्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याच दुकानाच्या अर्ध्या काउंटरवर त्यांची मुलगी आसिफा मोबाइलचे फुटलेले स्क्रीन बदलून देते. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली, वय सत्तावीस, बोलायला कमी, पण हात सारखे कशात तरी गुंतलेले. स्क्रीन बदलणं हा तिचा धंदा होता. जीव मात्र होता खेळ बनवण्यात. मामेबहिणीच्या हळदीला तिनं सहा वांगी आणि दोन मोसंब्या एका पाटावर ओळीनं मांडल्या होत्या, प्रत्येकात एक तार खोचलेली. वांग्याला बोट लावलं की ‘सा’, पुढच्याला लावलं की ‘रे’. नवरीनं त्यावर अख्खं गाणं वाजवलं. कुणीतरी त्याचं शूटिंग केलं, ते या फोनवरून त्या फोनवर फिरत फिरत देवानंद सरांपर्यंत पोचलं.

देवानंद सर पिंपळडोहच्या शाळेवर मुख्याध्यापक. वाटूर फाट्यापासून सहा किलोमीटर आत गाव. शाळेच्या व्हरांड्यातली लांब भिंत त्यांना रिकामी रिकामी खुपत होती. सर दुकानात आले आणि म्हणाले, “आमच्या पोरांना अशी भिंत करून द्या. हात लावला की बोलली पाहिजे.”

आसिफानं जानेवारीचा सगळा महिना त्या भिंतीवर घालवला. गावात फिरून तिनं आवाज गोळा केले. मोराची केका, म्हशीचं हंबरणं, पिठाच्या गिरणीची घरघर, एसटीचा हॉर्न, बैलांची घुंगरमाळ, लोहाराची ऐरण. तातेराव नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यानं तर माळ्यावरची पेरणीची जुनी तिफण खाली काढून तिच्यासाठी वावरात एक तास धरलं, एक ओळ पेरून दाखवली. असे बारा आवाज, बारा चित्रं. प्रत्येक चित्रात रुपयाएवढं एक पितळी बटण. भिंतीच्या कडेनं कमरेच्या उंचीवर स्टीलचा पाइप. डाव्या हातानं पाइप धरायचा, उजव्या हाताचं बोट बटणाला लावायचं. अंगातून घड्याळाच्या सेलाइतकीच वीज जाणार, कळणारही नाही, पण तेवढ्यानं आतल्या यंत्राला समजतं की कुणीतरी आलंय. मग चित्र बोलतं. खेळही होता. भिंत आधी नुसता आवाज ऐकवायची आणि दहा आकडे मोजेपर्यंत आपण बरोबर चित्र शोधायचं.

उद्घाटन सोमवारी होतं. गटशिक्षणाधिकारी मॅडम येणार होत्या. त्याआधीच्या मंगळवारी सरांनी चाचणी ठेवली आणि आयाबायांनाही बोलावलं.

पोरांचं काही विचारू नका. पाचवीतली अर्पिता आणि तिचा गट भिंतीला असे चिकटले की म्हैस, मोर आणि एसटी एकदमच ओरडायला लागले. आसिफा व्हरांड्याच्या कोपऱ्यात उभी राहून हसत होती. महिनाभराचा शीण कुठल्या कुठं गेला.

तेवढ्यात पोरांनी चतुराबाईंना ओढत आणलं. चतुराबाई शाळेत खिचडी शिजवतात. सकाळी शाळेतलं काम, दुपारनंतर लोकांच्या वावरात मजुरी, संध्याकाळी येऊन शाळेचं गेट लावायचं. साठीच्या आसपासच्या, अंगानं काटक, तोंडानं फटकळ. पोरांची त्यांच्यावर आणि त्यांची पोरांवर माया.

“अरे, करंट बसंल मला!”

“न्हाई बसत मावशी, आम्हाला कुठं बसला?”

त्यांनी आधी हात धुतले, पदराला खसाखसा पुसले. डाव्या हातानं पाइप धरला आणि एक बोट हळूच मोराच्या बटणावर टेकवलं.

मोर गप्प.

“जोरात दाबा मावशी!”

त्यांनी जोरात दाबलं. अंगठा लावून पाहिला. मग दुसरं बोट. काहीच नाही. अर्पितानं एका हातानं पाइप धरला, दुसरा हात मधे घालून बटणाला नुसता स्पर्श केला, आणि मोर असा केकाटला की सगळा व्हरांडा हसला. चतुराबाईही हसल्या.

“माह्यात जीव न्हाई राह्यला वाटतं,” त्या म्हणाल्या. “रेशनच्या मशीनला माहा अंगठा कळत न्हाई, बँकेतल्याला कळत न्हाई, मंग तुमच्या मोराला कुठून कळावा?”

बोलणं हसण्यावारी नेलेलं होतं, पण त्या जाताना कुणाकडं बघत नव्हत्या. स्वयंपाकघराचं दार त्यांनी मागं लोटून घेतलं.

त्यांच्यानंतर आणखी सात बायका पुढं आल्या. दोघींना मोर बोलला, पाचजणींना नाही. तातेरावांनी स्वतःच्या तिफणीच्या चित्रावर बोट ठेवलं, तेही कोरडंच. हळूहळू मोठी माणसं मागं सरकली आणि भिंतीपाशी पोरंच उरली.

देवानंद सर समजुतीनं म्हणाले, “मनाला लावून घेऊ नका. भिंत पोरांसाठीच आहे. मंजुरीच्या कागदातही ‘विद्यार्थ्यांसाठी’ असंच लिहिलंय.”

आसिफा भिंतीवरच्या पितळी बटणांकडं बघत होती. तिला आठवत होतं की भिंत कुणाकुणाच्या हातावर तपासली होती. स्वतःच्या. मामेबहिणींच्या. डिप्लोमाच्या दोन मैत्रिणींच्या. एकाही हातानं कधी विळा धरलेला नव्हता. आणखी एक गोष्ट आठवली, ती जास्त टोचली. मागच्या उन्हाळ्यात एक गवंडी नवा मोबाइल घेऊन दुकानात आला होता. स्क्रीन टच घेत नाही म्हणाला. तिनं स्वतःचं बोट फिरवून दाखवलं आणि त्याला सांगितलं, ‘स्क्रीन बराबर हाय भैया, हात धुऊन या.’ तो मुकाट्यानं गेला होता.

तिनं पिशवीतून मीटर काढलं आणि स्वयंपाकघराचं दार ढकललं.

चतुराबाई पातेलं घासत होत्या. “आता काय राह्यलं?”

“मावशी, दोन तारा तुमच्या दोन हातांत धरायच्या. फक्त आकडा बघायचाय.”

“नाडी बघून राह्यली का माही?”

“तसंच समजा.”

आसिफानं आधी स्वतःचं बोट मोजलं होतं, सात लाख ओहम. अर्पिताचं तीन लाख. अंगातून वीज जायला जितका जास्त अडथळा, तितका आकडा मोठा. त्या मीटरला दोन कोटींपर्यंत मोजता यायचं. चतुराबाईंच्या बोटांना तारा टेकवल्या तर आकडाच आला नाही. मीटरनं मोजायला नकार दिला.

आसिफानं त्यांचा हात पालथा केला, उलटा केला, उजेडात धरला. बोटांच्या टोकांवर रेघच उरली नव्हती. कापसाच्या बोंडांनी चिरलेलं, भरून आलेलं, पुन्हा चिरलेलं. तळव्यावर घट्टे, त्यांवर माघ महिन्याच्या कोरड्या हवेनं पडलेल्या भेगा. कातडं कसलं, वहाणेचा तळ झाला होता.

“तुमच्यात जीव भरपूर हाय मावशी,” ती म्हणाली. “त्याच्यावर चिलखत चढलंय.”

चतुराबाई आता जरा खुलल्या. “आगं, तवा तापला का न्हाई ते मी कधी तळव्यानं बघतच न्हाई. हे असं बघती.” त्यांनी पंजाची मागची बाजू चुलीवर धरून दाखवली. “मागून कळतं. पुढून कवाच मेलाय हात.”

आसिफानं तारा त्यांच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावल्या. मीटर चटकन बोललं, नऊ लाख. ती आनंदानं ओरडलीच. “मावशी, मनगट लावा ना मोराला! नाहीतर कोपर!”

चतुराबाईंनी पातेलं खाली ठेवलं. “कोपरानं ढुसणी देऊ व्हय मोराला? सगळ्या गावापुढं? मला हात न्हाई का?”

आसिफाच्या तोंडावरचं हसू गेलं. बाई बरोबर बोलत होती.

त्या रात्री ती गावातच राहिली आणि बुधवारी सकाळी मीटर घेऊन हिंडली. नळावर, हरभऱ्याच्या खळ्यावर, लोहाराच्या भात्यापाशी. तळहात दाखवा म्हटल्यावर लोकांना ती हात बघणारीच वाटली. “माह्या पोराचं लग्न कवा हाय ते सांग,” असं एक म्हातारी हटून बसली, आणि आसिफानं “यंदा जमतं बघा” म्हणून तिची सुटका करून घेतली. दुपारपर्यंत त्रेचाळीस माणसांचे हात वहीत उतरले. शिंपी नऊ लाख. किराणावाला आठ. लोहार, मापाबाहेर. गवंडी, मापाबाहेर. निंदण-खुरपण करणाऱ्या बारापैकी नऊ बाया मापाबाहेर. बोटाच्या टोकाऐवजी पूर्ण तळवा टेकवला की मात्र यातले बरेच आकडे खाली यायचे, कारण घट्ट्यांच्या मधल्या जागाही मग कामाला लागायच्या. ही तिला सापडलेली पहिली चांगली गोष्ट.

म्हणजे बटणं जायला हवी होती. जालन्यात उतरल्या उतरल्या ती भांड्यांच्या दुकानात गेली आणि स्टीलच्या बारा ताटल्या घेतल्या, वीतभर रुंदीच्या. पालथ्या घातल्या की मधे थोडा फुगवटा येतो, त्यावर पंजा आपोआप बसतो. दुकानदारानं विचारलं, “काय कार्यक्रम?” ती म्हणाली, “भिंतीला जेवण हाय.”

दुसरं काम अवघड होतं. यंत्राचा कान तिखट करायचा होता, म्हणजे चार कोटींच्या अडथळ्यापलीकडून आलेली हाकही त्याला ऐकू यावी. तिनं आतले रेझिस्टर बदलले, दुकानात सगळं मांडून तारा जोडल्या आणि अब्बांना ताटलीवर हात ठेवायला सांगितलं. मोर बोलला. पण शेजारच्या दुकानातलं ग्राइंडर सुरू झालं आणि कुणी हात न लावताच म्हैस हंबरली, एसटी वाजली, ऐरण ठणठणली. ग्राइंडर बंद झालं तेव्हा कुठं सगळं शांत झालं. गुरुवारचा सगळा दिवस असाच गेला. कान जरा मंद केला की लोहाराचा हात ऐकू येईना, तिखट केला की हवेतली प्रत्येक कुरबूर ऐकू येई. पिंपळडोहला तर शाळेच्या पाठीलाच गिरणी होती.

शुक्रवारी दुपारी तिनं हातातलं सोल्डरिंग आयर्न बाजूला ठेवलं आणि डोकं काउंटरवर टेकवलं. “नै होता अब्बा. बच्चों के लिए है, बच्चों काच रहने देती.”

अजमतभाई एका जुन्या मायकची तार सोलत होते. तीस वर्षं त्यांनी लग्नाच्या मांडवातले, उरुसातले, सभांतले भोंगे दुरुस्त केले होते. ते उठले, तिच्या ताटल्यांपासून यंत्रापर्यंत गेलेल्या साध्या तारांकडं त्यांनी पाहिलं, आणि हसले.

“ये क्या लगाई तू? घंटी की तार?” त्यांनी सोललेली मायकची तार तिच्यापुढं धरली. आत एक बारीक तार, तिच्याभोवती तांब्याची विणलेली जाळी. “मायक में से आवाज कित्ती आती? चिमटी भर. मांडव में जनरेटर चलता, पंखे चलते, फिर भी भुणभुण कायकू नै आती? ये जाली सब अपने उप्पर ले लेती. अंदर की तार को कुच मालूमच नै पडता.” आणि मग मराठीत, गिऱ्हाइकाशी बोलावं तसं, “हाताचा कसूर न्हाई, तारंचा हाय.”

आसिफानं ती जाळी बोटांनी उकलून पाहिली. तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि उत्तर दोन हातांवर वडलांच्या टेबलावर पडलेलं.

शनिवारी दोघं बाप-लेक मायकच्या तारेचं भेंडोळं घेऊन पिंपळडोहला गेले. अजमतभाईंनी तारा ओढल्या, आसिफानं ताटल्या बसवल्या, रंग बिघडलेल्या जागी अर्पितानं आणि तिच्या मैत्रिणींनी पुन्हा चित्रं भरली. मोराच्या पोटात ताटली, म्हशीच्या पाठीवर ताटली, एसटीच्या तोंडावर ताटली. मागची गिरणी धडधडत होती आणि भिंत गप्प होती. आसिफानं लोहाराला बोलावलं. त्यानं पंजा ठेवला. क्षणभर काही नाही, आणि मग ऐरण ठण्‌कन वाजली. लोहार दचकून मागं सरला, आणि मग पुन्हा पुन्हा पंजा ठेवत राहिला.

आता ज्या हातापासून हे सगळं सुरू झालं तो उरला होता. पण चतुराबाई स्वयंपाकघराबाहेर येईनात.

“न्हाई बाई. एकदा झाली तेवढी फजिती बास. तुहं यंत्र चांगलंच असंल. मी खिचडी बघती.”

आसिफानं आग्रह केला नाही. पण रविवारभर तिला चैन नव्हतं. तिनं पाहिलेल्या हातांत सगळ्यात कठीण हात तोच होता, आणि नेमका तोच नव्या ताटलीवर तपासायचा राहून गेला होता.

सोमवारी व्हरांड्यापुढं सगळं गाव लोटलं. गटशिक्षणाधिकारी मॅडमनी फीत कापली, मोरावर हात ठेवला, मोर बोलला, टाळ्या झाल्या. मग आसिफानं भीत भीत मायक हातात घेतला. “आज खेळ पोरांचा आणि आयांचा. पाचवीचा वर्ग इकडून, आया तिकडून. भिंत आवाज काढंल. ज्याला ओळखू येईल त्यानंच येऊन हात ठेवायचा. दुसऱ्याला सांगून चालणार न्हाई.”

आया आधी लाजल्या. पण पहिल्याच आवाजाला एक बाई धावत गेली, पंजा ठेवला, म्हैस हंबरली, आणि मागून जो गलका उठला त्यानं लाज पार उडून गेली. पदर खोचले गेले. मंगळवारी मागं सरकलेल्या बायका आता एकमेकींना ढकलून पुढं येत होत्या. पोरं तरी कुठं ऐकतात! नऊ आवाज झाले तेव्हा पोरं पाच, आया चार.

दहावा आवाज आला. बारीक, सळसळता, मधेच टिकटिक, जणू पोकळीतून काहीतरी धावत खाली जातंय. पोरं एकमेकांकडं बघायला लागली. अर्पिता पुटपुटली, “पाऊस?” भिंतीवर पावसाचं चित्रच नव्हतं. आयाही चाचपडल्या. मॅडम म्हणाल्या, “पाण्याचा नळ असेल.” आकडे पुढं चालले होते. सहा. सात.

“अरे, चाडं हाय ते!”

आवाज स्वयंपाकघराच्या दारातून आला. चतुराबाई हातात खिचडीचा डाव घेऊन उभ्या होत्या. “तिफणीचं चाडं! बी पडून राह्यलंय नळ्यातून! एवढं कळंना व्हय तुम्हाला?”

“सांगून चालत न्हाई मावशी!” पोरांनी एका सुरात ओरडा केला. “हात ठेवा! हात ठेवा!”

चतुराबाई थबकल्या. सगळं गाव त्यांच्याकडं वळलं होतं. आठ.

मग बाईंनी डाव शेजारणीच्या हातात दिला आणि तरातरा चालत आल्या. डाव्या हातानं पाइप धरला. उजवा पंजा पूर्ण उघडला आणि तिफणीवरच्या ताटलीवर ठेवला, पेरताना चाड्यावर ठेवतात तसा, न घाबरता, बसवून.

काही नाही.

अर्धा सेकंदच असेल तो. खात्री करून घ्यायला यंत्राला तेवढा वेळ आसिफानंच दिला होता. पण तिला तो अर्ध्या दिवसाचा वाटला.

आणि भिंत बोलली. बैलांना दिलेली तातेरावांची हाळी, घुंगरमाळ, आणि नळ्यांतून सरसरत उतरणारं बी. पूर्ण आवाज, व्हरांडाभर.

चतुराबाईंनी हात उचलला नाही. ताटलीवर तसाच दाबून धरला. आवाज संपला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा संपला. त्यांचं तोंड भिंतीकडं होतं, त्यामुळं कुणाला चेहरा दिसला नाही. मग त्या वळल्या आणि दणदणीत आवाजात म्हणाल्या, “किती झाले? पाच-पाच ना? लाव पुढचा!”

पुढचा त्यांनीच घेतला. त्याच्या पुढचाही. आया सात, पोरं पाच. तातेरावांनी टोपी उडवली. बायकांनी चतुराबाईंना मधे घेऊन फेर धरला, आणि हरलेली पोरं रुसायचं सोडून त्या फेरात घुसली. अजमतभाई मागं उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि ज्याला त्याला सांगत होते, “बेटी है हमारी.”

मॅडमनी आसिफाला बाजूला घेऊन विचारलं, “आणखी अकरा शाळांना अशी भिंत करून द्याल?”

“देईन,” आसिफा म्हणाली. “पण पहिले आठ दिवस मी काहीच बनवणार न्हाई. नुसते हात मोजीन. चालंल?”

मॅडम हसल्या, आणि स्वतःचा तळवा तिच्यापुढं धरला.

चार वाजता शाळा सुटली, पण व्हरांडा रिकामा होईना. वावरातून परतणारे लोक विळे-खुरपी कट्ट्यावर ठेवून रांगेत उभे राहत होते. कुणी एकट्यानं मोर वाजवत होतं, कुणी चौघं मिळून ऐरण, म्हैस, घुंगरू, एसटी अशी लय धरत होतं. अर्पितानं तक्रार केली की मोठी माणसं नंबर सोडत नाहीत. शेवटी देवानंद सरांनी खडू घेऊन फळ्यावर सूचना लिहिली: ‘भिंत विद्यार्थ्यांसाठी आहे. प्रौढांनी सायंकाळी पाच ते सहा या वेळेतच खेळावे.’

चतुराबाईंनी सूचना अर्पिताकडून वाचून घेतली. मग कमरेची किल्ली काढून सरांना दाखवली.

“सर, शाळंचं गेट कोण लावतं? मीच ना? मंग सहाचं सात करा.”

सरांनी सहा पुसून सात केले.